मुअल्लिमची किताब आणि सुपीरियर सरोवर

गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी आपाचा फोन आला. सलाम-दुवा झाली न झाली तोच म्हणाली, "तुझ्या भाच्याला तळ्यात होडी घालून कुठल्याशा बेटावर मुक्कामाला जायचंय. बरोबर एक मित्र आहे म्हणे. तू समजाव त्याला." मी हसत म्हटलं, "तळंच आहे ना आपा? रंकाळ्यात लोक बोटिंग करतातच की." "तू आधी ते तळं नकाशात बघ," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

भाचा मिनिॲपोलिसला नोकरी करतो. तळं म्हणजे लेक सुपीरियर. नकाशात बघितलं आणि हसू मावळलं. क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं. लांबी ५६० किलोमीटरच्या आसपास, सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. जगातल्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत पसरटपणाने याचा पहिला नंबर. १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री 'एडमंड फिट्झजेराल्ड' नावाचं ७२९ फूट लांबीचं मालवाहू जहाज याच सरोवरात वादळात बुडालं आणि त्यावरचे सगळे २९ जण गेले. आणि आमचा पोरगा पाच-साडेपाच मीटरच्या कयाकमध्ये बसून दुपाती वल्हं मारत तिथे जाणार होता.

आपाची भीती उगाच नव्हती. आमचे नाना दाभोळ खाडीतून निघणाऱ्या फत्तेमारीवर तांडेल होते. समुद्राला कधी पाठ दाखवायची आणि कधी नाही, यावर घरात रोज बोललं जायचं. नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची सगळी किताब डोक्यात होती: अमुक डोंगराच्या पोटात मशिदीचा घुमट दिसेनासा झाला की सुकाणू कुठे वळवायचं, कुठल्या खडपावर ओहोटीला पाणी फुटतं, मतलई वारा पहाटे कितीपर्यंत साथ देतो आणि खारा वारा कधी सुरू होतो. ते गेले तेव्हा ती किताबही गेली. आम्हा भावंडांपैकी कोणी ती उतरवून घेतली नाही. मी तर मास्तर झालो, दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवतो.

मी भाच्याला फोन केला. "मामू, काळजी करू नका," तो म्हणाला, "मी पुस्तकावरून प्लॅन केलाय." आणि त्याने जुन्या बाजारात घेतलेल्या एका पुस्तकाची दहा-बारा पानं मला फोटो काढून पाठवली. सुपीरियर आणि मिशिगन या दोन सरोवरांत सी-कयाकिंग कसं, कुठे करावं याचं ते वाटाड्या पुस्तक होतं, १९९९ मध्ये निघालेलं. बिल न्यूमन, सारा ओहमन आणि डॉन डायमंड हे त्याचे लेखक. मी ती पानं समजावण्यासाठी मुद्दे शोधायला म्हणून वाचायला घेतली आणि वेगळ्याच गोष्टीत अडकलो.

अशा पुस्तकांत काय असतं? एकेक सफर घेऊन सांगितलेली असते. कयाक पाण्यात कुठून घालायची, गाडी कुठे ठेवायची, मैल किती, बेत नवशिक्याचा की मुरलेल्याचा, कुठल्या बाजूला कडे सरळ पाण्यात उतरलेत आणि त्यामुळे मध्येच किनाऱ्याला लागता येत नाही, कुठल्या दिशेचा वारा आला की हा टापू वाईट, पिण्याचं पाणी, तंबूची जागा, परवाना. वाक्यं कोरडी. पण मी ती वाचत होतो आणि कानात नानांचा आवाज येत होता. "ह्या कोपऱ्यावर वारा फिरला तर पुढे दोन तास लागायला जागा नाही" हे तर नाना शब्दशः बोलायचे.

इथे शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा, हे उर्दू-अरबी जाणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण हिंदी महासागरातल्या अरबी जहाजांवर मुअल्लिम हा शब्द जहाजाला वाट दाखवणाऱ्यासाठी वापरत. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची जी यादी दिली आहे, तीत नाखुदा आहे, मुअल्लिम आहे आणि खलाशांचा मुकादम म्हणून तांडेलही आहे. या मुअल्लिमांमधला सर्वांत मोठा अहमद इब्न माजिद. त्याने १४९० च्या सुमारास 'किताबुल फवाइद' पूर्ण केली. तारे, वाऱ्याचे मोसम, बंदरांमधली अंतरं, किनारा जवळ आल्याच्या खुणा, हे सगळं मुअल्लिमला यायला हवं असं तो बजावतो, आणि अर्धवट माहितीवर जहाज हाकणाऱ्यांना झोडपतोही. (वास्को द गामाला यानेच कालिकतला आणलं, ही आपण ऐकलेली कथा आता बहुतेक इतिहासकार मानत नाहीत.) पुढे १५५४ मध्ये उस्मानी दर्यासारंग सिदी अली रईस वादळाने भरकटून गुजरातेत आला आणि या अरब मुअल्लिमांच्या किताबांवरून त्याने अहमदाबादेत बसून तुर्कीत 'मुहीत' लिहिली.

पण भाच्याच्या हातातल्या पुस्तकाचा खरा पूर्वज शोधायचा तर मी पीरी रईसचं नाव घेईन. हा आपले चुलते कमाल रईस यांच्या जहाजावर लहानाचा मोठा झाला. त्याची 'किताब-ए-बहरीये' १५२१ मध्ये तयार झाली आणि १५२६ मध्ये वाढवलेली प्रत सुलतान सुलेमानला सादर झाली. भूमध्य समुद्राचा किनारा तुकड्या-तुकड्याने घेऊन तो सांगतो: इथे गोड्या पाण्याचा झरा, इथे उथळ, इथे नांगर धरतो, इथे पडका बुरूज दिसेल. नकाशात जागाच इतकी थोडी असते की सगळं त्यावर मावत नाही, म्हणून शब्दांत लिहावं लागलं, असं कारण त्याने स्वतः दिलं आहे. मी भाच्याला विचारलं होतं, "मोबाइलमध्ये नकाशा असताना पुस्तक कशाला?" त्याचं उत्तर जवळपास हेच होतं, आणि पीरी रईसचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं.

आता सरोवराकडे. 'सुपीरियर' म्हणजे श्रेष्ठ असा माझा समज होता. फ्रेंचांनी दिलेल्या नावाचा अर्थ फक्त 'वरचं सरोवर' असा आहे, पाच सरोवरांतलं सगळ्यात वरचं. तिथल्या ओजिब्वे लोकांचं नाव गिचीगामी, महासागर. मला हे नाव जास्त पटतं. ओजिब्वे भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून या सरोवरावर पिढ्यान् पिढ्या फिरत होते. त्यांची वाटाडी किताब अर्थातच तोंडी होती. १६७२ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी या सरोवराचा नकाशा छापला, तो आजच्या नकाशाशेजारी ठेवला तर माणूस थक्क होतो, इतका किनाऱ्याचा आकार बरोबर आला आहे. दोन-तीन पाद्री चार-पाच वर्षांत हजारो किलोमीटरचा किनारा एकटे धुंडाळू शकत नाहीत. त्यांच्या होड्या ज्यांनी वल्हवल्या आणि पुढे काय आहे हे ज्यांनी सांगितलं, त्यांची नावं नकाशावर नाहीत.

मग आले फरचे व्यापारी. मॉन्ट्रिअलहून निघालेल्या सुमारे ११ मीटर लांबीच्या सालीच्या होड्या दर उन्हाळ्यात सरोवराच्या पश्चिम टोकाला ग्रँड पोर्टेज या ठिकाणी जमत. हे वल्हेकरी, ज्यांना वॉयाजर म्हणत, शक्यतो उत्तर किनारा धरून जात, कारण तिकडे आडोसा बरा. एका भूशिरावरून दुसऱ्या भूशिराकडे उघड्या पाण्यातून जाण्याला ते 'त्राव्हर्स' म्हणत आणि त्याची धास्ती घेत. वाऱ्यामुळे किनाऱ्यावर खोळंबून बसावं लागलं की त्यांचा एक शब्द होता, 'देग्रादे'. व्यापाऱ्यांच्या रोजनिशींत हा शब्द येत राहतो: आज देग्रादे, उद्याही देग्रादे. फरच्या धंद्यात वेळ म्हणजे पैसा होता, तरीही ते बसून राहत.

१८२० मध्ये मिशिगन प्रांताचा गव्हर्नर लुईस कॅस तीन मोठ्या सालीच्या होड्या घेऊन दक्षिण किनाऱ्याने गेला. बरोबर हेन्री स्कूलक्राफ्ट होता. त्याचं प्रवासवर्णन पुढच्याच वर्षी छापून आलं. त्यात पिक्चर्ड रॉक्सच्या रंगीत कड्यांचं वर्णन आहे, आणि कीविनॉ नावाचं शंभराहून जास्त किलोमीटर आत घुसलेलं द्वीपकल्प टाळून मधल्या तळ्यातून आणि नंतर होड्या खांद्यावर घेऊन पलीकडे कसं उतरायचं हेही आहे. ही आडवाट स्कूलक्राफ्टने शोधलेली नव्हती. होडीवाल्यांना ती आधीपासून माहीत होती. तीन वर्षांनी त्याने जेन जॉन्स्टन हिच्याशी लग्न केलं. तिची आई ओजिब्वे, बाप आयरिश व्यापारी. ती दोन्ही भाषांत लिहायची. स्कूलक्राफ्ट पुढे ओजिब्वे कथांचा आणि भाषेचा जाणकार म्हणून गाजला, त्यातलं बरंचसं त्याला बायकोकडून आणि सासुरवाडीकडून मिळालं होतं. दोन भाषांमध्ये उभ्या असलेल्या माणसाचं नाव असं पुसट होतं याचा दोन भाषा शिकवणाऱ्याला जरा राग येतो, एवढं मान्य करतो.

ब्रिटिश आरमाराच्या हेन्री बेफील्डने १८२३ ते १८२५ या काळात सुपीरियरचा पहिला शास्त्रशुद्ध सर्व्हे केला. लहान बोटींतून खाडी-खाडीत शिरून, पाण्याची खोली मोजत. त्याच्या नावाचं बेफील्ड हे गाव विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावर आहे, आणि माझा भाचा ज्या अपोसल बेटांवर जाणार होता त्यांचा दरवाजा म्हणजे हेच गाव. अमेरिकेने १८४१ पासून स्वतःचा लेक सर्व्हे सुरू केला. नकाशांच्या जोडीला 'कोस्ट पायलट' ही जाडजूड पुस्तकमालिका आली. तिचा सहावा खंड या महासरोवरांचा.

हे सगळं साहित्य अचूक आहे, पण कोणासाठी? जहाजांसाठी. दिवा कुठे, भोंगा कुठे, धक्क्याला पाणी किती. जहाजाच्या कप्तानाला ज्या उथळ गोट्यांच्या पट्ट्यापासून लांब राहायचं असतं, तोच पट्टा कयाकवाल्याचा आसरा असतो. त्याला तिथे वीस सेकंदांत होडी ओढून घेता येईल का, हे आरमाराच्या पुस्तकाने कधी लिहिलं नाही. जहाजं मोठी होत गेली तशी लहान होडीची माहिती छापील जगातून गळत गेली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत हौशी कयाकवाले वाढले (कयाक ही मुळात आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांची होडी) आणि मग ही प्रादेशिक पुस्तकं आली. सालीच्या होडीत बसणाऱ्याला जे ठाऊक असायचं ते पुन्हा कोणीतरी किनाऱ्या-किनाऱ्याने जाऊन कागदावर उतरवू लागलं. म्हणून मला ते १९९९ चं पुस्तक कोस्ट पायलटपेक्षा पीरी रईसच्या जवळचं वाटलं.

एक मात्र त्या पाठवलेल्या पानांत नव्हतं, आणि ते मला दुसरीकडे वाचावं लागलं. १८५० मध्ये सरकारने ओजिब्वेंना सरोवराकाठून पश्चिमेला हुसकण्याचा डाव टाकला. त्यांना कराराचे पैसे दरवर्षी अपोसल बेटांतल्या मॅडलिन बेटावर, ला पॉइंटला मिळत. त्या वर्षी सांगितलं, पैसे आता मिनेसोटातल्या सँडी लेकला मिळतील, तिकडे या. लोक शेकडो मैल गेले. तिथे ना पुरेसं अन्न, ना पैसे. रोगराई पसरली, नद्या गोठल्या, होड्या टाकून बर्फातून पायी परतावं लागलं. सुमारे ४०० माणसं मेली. त्यानंतर १८५२ च्या वसंतात केचेवाइश्के, इंग्रजीत ज्याला चीफ बफेलो म्हणतात, नव्वदी ओलांडलेला म्हातारा, सालीच्या होडीत बसून ला पॉइंटहून निघाला. सुपीरियरचा दक्षिण किनारा, मग ह्युरॉन सरोवर, मग खाली उतरत, पुढे आगगाडी, असा वॉशिंग्टनला पोचला. राष्ट्राध्यक्ष फिल्मोरला भेटला, आणि हुसकण्याचा हुकूम रद्द करून घेतला. ३० सप्टेंबर १८५४ च्या ला पॉइंटच्या तहात रेड क्लिफ आणि बॅड रिव्हर इथे त्यांच्या राखीव जमिनी कायम झाल्या. पुढच्या वर्षी तो गेला.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. कारण त्याची वाट रेड क्लिफच्या शेजारूनच जात होती. पुस्तकात तिथे पेट्रोल भरण्यापुरता उल्लेख, असं तो म्हणाला. "मामू, या किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी सफर तर या पुस्तकात धरलेलीच नाही."

आता मूळ प्रश्न, जावं की नाही. मी मास्तरासारखी त्याची तोंडी परीक्षा घेतली. "भरती-ओहोटीचं काय?" तो म्हणाला, "नाही. दिसेल इतकी नसतेच." हे मला पचायला वेळ लागला. मात्र वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने पाणी एका टोकाला ढकललं जातं आणि मग हिंदकळत परत येतं, त्याला ते लोक 'सेश' म्हणतात. तिला पंचांग नाही. लाटा समुद्रापेक्षा आखूड आणि उभ्या. कड्यांवर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी जागच्या जागी नाचू लागतं. "पाणी किती थंड?" तळ्याचं सरासरी तापमान ४ अंशांच्या आसपास. जूनमध्ये हवेत २५ अंश असले तरी पाण्यात पडलेला माणूस श्वासच धरू शकत नाही. तिकडे एक हिशेब पाठ करून घेतात, एक-दहा-एक: पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि साधारण एका तासात शुद्ध जाते. म्हणून कपडे हवेप्रमाणे घालायचे नाहीत, पाण्याप्रमाणे घालायचे. नानांच्या कोमट समुद्रात हा धडा नव्हता.

मग मी विचारलं, "पुस्तक किती जुनं?" इथे तो अडखळला. पंचवीस वर्षांहून जुनं पुस्तक. कडे आणि बेटं तीच राहतात, पण पाण्याची पातळी वर-खाली होते, गोट्यांचे पट्टे बुडतात, वाटा बंद होतात, परवान्याचे नियम बदलतात. अपोसल बेटं १९७० पासून राष्ट्रीय संरक्षित किनारा आहेत (बेटं २२, त्यांतलं मॅडलिन सोडून २१), आणि बेटावर मुक्कामाला परवाना लागतो. पार्कवाले तर स्पष्ट सांगतात की सोळा फुटांहून लांब, झाकण-पडदा असलेली सी-कयाकच आणा, हौसेच्या तळ्यातल्या होड्या नकोत. मुख्य भूमीवरच्या समुद्रगुहांपाशी लाटांची उंची घरबसल्या बघता येते. अमेरिकी सरकारने पारंपरिक कागदी सागरी नकाशे जानेवारी २०२५ पर्यंत बंद केले, सगळं आता डिजिटल. म्हणजे पुस्तक जमिनीचा स्वभाव सांगेल, आजची हवा सांगणार नाही. तेव्हा आम्ही असं ठरवलं की त्याने प्रत्येक टप्प्यापुढे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या: कुठल्या दिशेचा वारा इथे वाईट, मध्ये लागायला जागा कुठे, आणि किती वाजेपर्यंत निघालो नाही तर निघायचंच नाही. तिसऱ्या रकान्यावर तो हसला. ती नानांची अट होती, माझी नव्हे.

त्याचा बेत लिटल सँड बे इथून सँड आयलंडवर जायचा होता. नकाशावर बोटाच्या पेराएवढं अंतर, चांगल्या हवेत दीड तासाचं वल्हवणं. त्या बेटावर १८८१ मध्ये बांधलेलं तपकिरी दगडाचं दीपगृह आहे. २ सप्टेंबर १९०५ च्या वादळात 'सेव्होना' नावाचं जहाज बेटाजवळच्या उथळावर फुटलं. तराफ्यावरून सुटू बघणारे कप्तान आणि सहा खलाशी बुडाले. दीपगृहाच्या राखणदाराला ते दिसत होतं आणि त्याच्या हाती करण्यासारखं काही नव्हतं. ही गोष्ट मी आपाला सांगितली नाही. भाच्याला सांगितली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते दोघं गेले. तीन दिवस आमच्याकडे काही खबर नाही. आपा दिवसातून चार वेळा फोन करायची आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायची. चौथ्या दिवशी फोटो आला: किनाऱ्यावरचा ओला तंबू, उलटी घातलेली कयाक, स्टोव्हवर चहाचं पातेलं आणि मागे वायव्येच्या वाऱ्याने पांढरं झालेलं पाणी. खाली त्याने एकच शब्द लिहिला होता. देवनागरीत. देग्रादे.

दोन दिवस ते तिथेच बसून राहिले आणि बेटाला पाय न लावता घरी परतले. संध्याकाळी आपाचा फोन आला. आवाज हलका होता. "नुसता चहा पीत बसला म्हणे दोन दिवस," ती म्हणाली. मी म्हटलं, "बरं झालं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी परत जाणार म्हणतोय. ती पुस्तकाची पानं आहेत ना तुझ्याकडे? ये एकदा घरी. मला वाचून दाखव."